कोरडेसाहेब

आमच्या औषधांच्या कारखान्यात सकाळी कामाला लागण्याआधी प्रत्येकाला हात पुढे करावा लागे. ग्रॅन्युलेशनच्या, म्हणजे औषधी भुकटीचे दाणे करण्याच्या, खोलीच्या दारात साहेब उभे असत. पांढरा कोट, डोक्यावर कापडी टोपी, खिशात टिपकागदाचे लहान लहान चौकोन. समोरच्यानं तळहात पसरला की त्यावर एक चौकोन ठेवायचे आणि म्हणायचे, "उलटा करा." कागद खाली पडला तर आत जायचं. तळव्याला चिकटून राहिला तर बाहेरच्या बाकावर पंख्याखाली बसायचं, हात वाळेपर्यंत. हातमोजे होते, पण ते त्यानंतर. "घामेजलेला हात मोज्यात घातला म्हणजे कोरडा होत नाही, फक्त दिसेनासा होतो," असं त्यांचं म्हणणं. नव्यानं लागलेल्या एका बाईनं पहिल्या दिवशी हात पसरून भाबडेपणानं विचारलं होतं, "साहेब, नशिबात काय हाय?" साहेबांनी कागद तिच्या तळव्यावर ठेवला, हात उलटा करायला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "आज तरी थोडा वेळ पंख्याखाली बसणं आहे."

त्यांचं खरं नाव सायमन आपटेकर. पण कारखान्यात त्यांना सगळे कोरडेसाहेब म्हणत. पाण्याशी त्यांचं इतकं वैर होतं की दुसरं नाव शोभलंच नसतं. खोलीत पाण्याची बाटली नेलेली चालत नसे, ओली छत्री तर गेटवरच ठेवायची. पुढे पुढे नव्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटू लागलं. एकदा पुण्याहून आलेला एक विक्रेता त्यांच्यासमोर बसून "कोरडे म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारत होता. साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, "आपट्याचे." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचं घराणं पाताळगंगेकाठच्या आपट्याचं, कोकणातलं बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घराणं. आजोबांचा तिथे तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा. साहेबही शनिवारी कामावर येत नसत, त्याऐवजी रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन फिटरबरोबर यंत्रं उघडून बसत. "आजोबा तीळ दाबून तेल काढायचे, मी भुकटी दाबून गोळी काढतो. घरात दाबण्याचीच परंपरा," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत.

मी त्या कारखान्यात लागले ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. नुकतीच बी.फार्म. झाले होते. वडिलांनी मुंबईतली भाड्याची जागा सोडून पनवेलच्या खांदा कॉलनीत घर घेतलं होतं आणि मला जवळपास कुठेतरी नोकरी हवी होती. त्या काळी फार्मसी झालेली मुलगी म्हणजे प्रयोगशाळेत जाणार, हे ठरलेलं असे. मुलाखतीत मालकांनीही तेच गृहीत धरलं होतं. कोपऱ्यात बसलेले एक सावळे, बारीक गृहस्थ एकदम म्हणाले, "मिस देवधर, तुम्हाला धूळ चालते का?"

मी म्हटलं, "चालते."

"आवाज?"

"चालेल."

"मग ह्यांना प्रॉडक्शनला द्या," ते मालकांना म्हणाले. "प्रयोगशाळेत गोळी बिघडलेली कळते. ती बिघडते आमच्याकडे."

माझ्या आईला ही नेमणूक पसंत पडली नाही. मुलगी संध्याकाळी घरी येते ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी, असं तिचं गाऱ्हाणं होतं. ते खरंही होतं. पण साहेबांनी माझ्या वडिलांना एकदा कारखान्यात बोलावून चहा पाजला, खातं बाहेरच्या काचेतून दाखवलं आणि सांगितलं, "इथे ती माझ्या नजरेसमोर असते. आणि मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

ऐकू कमी येण्याचं कारण त्या खोलीतच उभं होतं. आम्ही हृदयाच्या रुग्णांना रोज घ्यावी लागणारी ॲस्पिरिनची लहान गोळी बनवायचो. तिच्यासाठी एक अवजड जुनं यंत्र होतं. ते भुकटी दाबून रुपयाच्या नाण्याहून मोठ्या जाड चकत्या पाडायचं. पुस्तकात त्यांना स्लग म्हणतात, आमच्याकडे बायका वड्या म्हणायच्या. मग त्या वड्या दुसऱ्या यंत्रात फोडायच्या, चाळायच्या, आणि त्या दाण्यांच्या पुन्हा बारीक गोळ्या दाबायच्या. पहिल्या यंत्राची धडधड अशी की शेजारी उभ्या माणसाशी बोलायला ओरडावं लागे. साहेबांनी तरुणपणाची सगळी वर्षं त्या धडधडीत काढली होती.

हे असं दोनदा दाबायचं कशाला, हा प्रश्न मला कॉलेजात पडला नव्हता. तो सुगंधाबाईंना पडला. सुगंधाबाई चिरनेरकडच्या एका गावातून एस.टी.नं यायच्या. वड्या फोडण्याच्या कामावर ज्या पाच-सहा बायका होत्या, त्यांच्यात त्या सगळ्यांत जुन्या. नवरा होडीवर गेला तो परत आलाच नाही, पदरात एक मुलगी. एका दुपारी यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा त्यांनी साहेबांना विचारलं, "साहेब, आमी वड्या पाडायच्या, मंग फोडायच्या, मंग परत दाबायच्या. पयल्यांदाच बारकी गोली का नाय दाबत?"

साहेबांना असा प्रश्न विचारला की फार बरं वाटायचं. ते स्टूल ओढून बसले. "सुगंधाबाई, घरी तांदूळ मापट्यानं मोजता ना? आता त्याच मापट्यानं तांदळाचं पीठ मोजा. दर वेळी सारखं भरेल?"

"नाय. पीठ आडतं. कधी दाबून बसतं, कधी पोकल ऱ्हातं."

"गोळीचं यंत्र म्हणजेसुद्धा मापटंच आहे. त्याला पीठ दिलं तर एक गोळी भरलेली, दुसरी पोकळ. औषध कमी-जास्त झालं की माणसाच्या जिवाशी खेळ. म्हणून आधी पिठाचे दाणे करायचे. दाणे घरंगळतात, सारखे भरतात."

"मंग पानी लावून करा ना दाने. वाटीभर पानी, झाला."

"बाकीच्या गोळ्यांचे तसेच करतात. खळ घालून मळायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं. पण हे औषध पाण्याला भितं. जरा ओल लागली की आंबतं. म्हणून ह्याला कोरडंच धरायचं. दाबायचं, फोडायचं, परत दाबायचं."

सुगंधाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी तुमचा नाव बरोबर हाय." आपल्याला काय म्हणतात ते साहेबांना ठाऊक असल्याचं आम्हाला त्या दिवशी समजलं, कारण ते हसले.

औषध आंबतं म्हणजे खरोखरच आंबतं. बाटलीचं झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. त्या वासाच्या मागावर साहेब कायम असत. खात्यात डब्यात लोणचं किंवा व्हिनेगरमधला कांदा आणायला बंदी होती, नाकाची फसगत होते म्हणून. घरीसुद्धा त्यांचे प्रयोग चालत. इस्राएल आळीतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा न्हाणीघराच्या फळीवर, चुलीशेजारी, खिडकीत, अशा सगळीकडे गोळ्यांच्या बाटल्या ठेवलेल्या दिसल्या. कुठल्या जागी किती दिवसांत वास येतो, ते ते पाहत. त्यांची आई तेव्हा होती. नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं, बोलणं आमच्या आजीसारखंच. त्यांनी मला नारळाच्या दुधातला हलवा दिला आणि म्हणाल्या, "आमच्या न्हाणीत साबण ठेवायला जागा नाही गं. औषधं न्हातात तिथे." साहेब म्हणाले, "लोक गोळ्या न्हाणीतच ठेवतात, आई." "ठेवू देत लोक," आई म्हणाल्या. "लोकांच्या आईला साबण तरी ठेवता येतो."

त्या आईसाठीच साहेब पनवेलला राहिले होते. आळीतली बरीचशी घरं एव्हाना रिकामी झाली होती. कुणी मुंबईला, बहुतेक इस्राएलला. साहेबांची मुलगी लग्न होऊन तिकडे लोद नावाच्या गावी गेली. आईंनी मात्र साफ सांगितलं होतं, मी ह्या मातीतली, मला हलवू नका. त्या गेल्यावर साहेबांच्या पत्नी, रिबेकाबाई, मुलीकडे गेल्या. साहेब मागाहून जाणार होते. ते मागाहून बरेच लांबलं.

खात्यातली त्यांची एक शिकवण मी आजवर विसरलेले नाही. राणे नावाचा एक केमिस्ट होता, कामसू आणि उतावळा. वड्या मऊ पडताहेत, फोडताना भुगाच फार होतो, म्हणून त्यानं पहिल्या यंत्राचा दाब चांगला वाढवला. वड्या दगडासारख्या झाल्या. राणे खूश. पण त्यांच्या दाण्यांच्या गोळ्या दाबल्या तेव्हा त्यांच्या वरच्या टोप्याच उडू लागल्या. नखानं टिचकी मारली की गोळीचा माथा वेगळा. राणेनं दुसऱ्या यंत्राचाही दाब वाढवला, तर टोप्या आणखीच उडाल्या. तो रडकुंडीला आला. साहेब आले, त्यांनी एक कडक वडी हातात घेतली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "राणे, हिनं सगळी ताकद पहिल्याच दाबात दिली. दुसऱ्यांदा धरायला हिच्याकडे काही उरलंच नाही. पहिल्यांदा फक्त एवढंच मागायचं, की हातात उचलेपर्यंत मोडू नकोस."

राणेला त्यांनी एवढंच ऐकवलं. मालकांना त्यांनी "दाब ठरवताना आमच्याकडून चूक झाली" असं कळवलं. राणे पुढे गुजरातेत मोठ्या हुद्द्यावर गेला, पण अजून भेटला की त्या 'आमच्याकडून'बद्दलच बोलतो.

जुन्या यंत्राच्या जागी रोलर कॉम्पॅक्टर यावं, ही साहेबांची कितीतरी वर्षांची मागणी होती. त्यात वड्या पाडायच्या नसतात. दोन पोलादी रूळ एकमेकांकडे फिरतात, त्यांच्या मधून भुकटी जाते आणि खालून पातळ पट्टी बाहेर येते. ती मोडून दाणे करायचे. काम सलग, दाब सारखा, धूळ कमी, कानठळ्या नाहीत. साहेब त्याचं वर्णन करायचे तेव्हा एखाद्या सुंदर गावाबद्दल बोलावं तसे बोलायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकांनी एकदाचं ते घेतलं. पेटी उघडली तेव्हा साहेबांनी रुळावरचा तेलकट कागद स्वतःच्या हातानं सोडवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

चाचणीच्या बॅच झाल्या. गोळ्या उत्तम आल्या. त्या घेऊन साहेब आणि मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. मालक तसे वाईट नव्हते. कामगारांच्या घरच्या लग्नाकार्याला आवर्जून जायचे. त्यांनी गोळी हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "म्हणजे मशिन चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे," साहेब म्हणाले.

"मग त्या वड्यांवरच्या बायका आता लागणार नाहीत. दिवाळीपर्यंत ठेवू, मग हिशेब करून टाकू. ह्या मशिनवर आय.टी.आय.ची दोन पोरं घेतो."

ज्या यंत्रासाठी साहेब इतकी वर्षं भांडले, ते आल्यानं कुणाचं काय होईल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, आता ते यंत्रात काहीतरी खोट काढतील. काढली असती तर मालकांनी ऐकलंही असतं. पण ते म्हणाले, "मशिन चांगलंच आहे. त्यावर त्याच बायका ठेवू."

"त्यांना जमणार आहे का आपटेकर? प्रेशर आहे, गॅप आहे, स्पीड आहे."

"शिकवलं तर जमेल. पोरं शिकतील आणि वर्षात दुसरी कंपनी बघतील. ह्या कुठे जाणार नाहीत."

"आणि शिकवणार कोण? तुम्ही तर दिवाळीनंतर निघालात. तिकिटाचं बघताय ना?"

साहेबांनी टेबलावरच्या गोळ्या एकेक करून परत बाटलीत भरल्या. मग म्हणाले, "पुढच्या दिवाळीनंतर जातो."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "घरी विचारलंत?"

"विचारत नाही. सांगणार आहे."

"आणि नाहीच शिकल्या तर?"

"तर ते मीच येऊन तुम्हाला सांगेन."

मालक मान हलवत म्हणाले, "वर्षभर. त्यापुढे मला सांगू नका." आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना साहेब म्हणाले, "देवधर, आज संध्याकाळी मोकळ्या आहात का? जरा माझ्याबरोबर फोनला यायचंय. मला तिकडचं नीट ऐकू येत नाही."

एस.टी. स्टँडसमोर एक फोनचं बूथ होतं. आत दोघं जेमतेम मावलो. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. लाइन लागली तसे साहेब यंत्रापाशी ओरडून बोलायची सवय असल्यासारखे ओरडले, "अगं, मशिन आलं. चांगलं आहे. पण मी ह्या वर्षी येत नाही. बायकांना शिकवायचंय." पलीकडून काय आलं ते त्यांना कळेना. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. "बघा काय म्हणतेय."

"हॅलो, मी देवधर. सरांच्या खात्यात…"

"माहीत आहे गं तू कोण ते." रिबेकाबाईंचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ होता. "त्यांना विचार, मुलगा झाला तर आठव्या दिवशी त्याला मांडीवर कोण घेणार?"

त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं कळलं नाही. मी जसंच्या तसं विचारलं. साहेब लाल आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगा, व्याही घेतील."

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तो मान ह्यांना द्यायचं ठरलं होतं. मुलीनं स्वतः मागून घेतलं होतं सासऱ्यांकडून. आपण काय सोडतोय ते कळतंय का त्यांना? विचार."

"सर, त्या विचारताहेत, तुम्ही काय सोडताय ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय म्हणावं."

"ऐकलं मी," रिबेकाबाई म्हणाल्या. "त्या बायकांत सुगंधा आहे का? नवरा होडीवरून आला नाही ती?"

"हो."

"तिची मुलगी शाळेत जाते ना अजून?"

"जाते. आठवीत आहे."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला. "मग शिकवू दे. पण पक्कं शिकवा म्हणावं. अर्धवट टाकून आलात तर इथे दार उघडणार नाही. आणि ते दुपारचे जेवतात का?"

"जेवतात."

"खोटं सांगू नकोस."

"कधी कधी जेवतात."

बूथमधून बाहेर पडल्यावर साहेबांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

"पक्कं शिकवा म्हणाल्या. आणि जेवा म्हणाल्या."

"जेवायचं मला ऐकू आलं होतं," साहेब म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत रिक्षांच्या रांगेकडे पाठ करून उभे राहिले. आठव्या दिवसाचा अर्थ त्यांनीच मला नंतर सांगितला. मुलाची सुंता त्या दिवशी होते आणि त्या वेळी बाळाला मांडीवर धरणं हा घरातल्या वडीलधाऱ्याचा मोठा मान असतो. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात दोन पोळ्या जास्त आणू लागले. सुगंधाबाई तांदळाची भाकरी आणायच्या. साहेबांना कुणी आग्रह करायचं नाही, नुसतं पुढ्यात ठेवायचं, असं आमचं ठरलं होतं.

शिकवणं सोपं गेलं नाही. बायका आधी यंत्राच्या जवळ जायलाच तयार होईनात. इतक्या महागाच्या वस्तूला आपला हात लागून काही मोडलं तर, ही धास्ती. साहेबांनी पहिल्या आठवड्यात काहीच चालवलं नाही. रोज सकाळी यंत्र उघडायचे आणि बायकांकडून पुसून घ्यायचे, रूळ, पाती, चाळणी, सगळं. "जे पुसलंय त्याची भीती वाटत नाही," ते मला म्हणाले. मग दाबाच्या तबकडीवर त्यांनी रंगानं दोन रेघा ओढल्या, काटा ह्यांच्या मध्ये ठेवायचा म्हणून. पट्टी कशी असावी ते मात्र रेघांनी सांगता येत नव्हतं. ती बोटांत धरून मोडून पाहायची असते. चुरा झाला तर दाब कमी, कचकन तुटून कड चकाकली तर जास्त. सुगंधाबाई म्हणाल्या, "अर्धा सुकलेला पापड कसा, थोडा वाकतो नि मंग तुटतो." साहेब म्हणाले, "हेच मी दोन दिवस सांगतोय, मला पापड आठवला नाही." त्या दिवसापासून ते सगळ्यांना पापडावरूनच सांगू लागले.

सगळ्याच शिकल्या असं नाही. इंदू नावाची एक बाई होती. तिला फिरते रूळ पाहिले की चक्कर यायची. साहेबांनी तिला पॅकिंगमध्ये बसवलं, तिथेही तिचं मन लागलं नाही, ती सोडून गेली. साहेब तिच्या घरी दोनदा जाऊन आले. ती आली नाही. ही गोष्ट त्यांना फार लागली. मालकांना ते स्वतःहून जाऊन सांगून आले, की एक बाई माझ्याच्यानं राहिली नाही. मालक म्हणाले, "बाकीच्या राहिल्या ना?"

होळीच्या सुमारास तिकडून निरोप आला. मुलगा झाला होता. साहेबांनी खात्यात पेढे वाटले, ते अर्थात बाहेरच्या बाकावर, हात धुऊन वाळवूनच आत जायचं ह्या अटीवर. मी मनात दिवस धरून ठेवला होता. आठव्या दिवशी सकाळी ते आले, सगळ्यांचे हात पाहिले आणि सुगंधाबाईंना म्हणाले, "आज मी आत येत नाही. तुमचं तुम्ही चालवा. अडलं तर देवधरांना विचारा." आणि ते निघून गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आळीतल्या सिनेगॉगवरून, त्यांच्या प्रार्थनास्थळावरून, गेले तेव्हा ते आत एकटेच बसलेले दिसले. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवलेले. मी हाक मारली नाही. ते परत आले तोवर बॅच निम्मी झाली होती. सुगंधाबाईंनी पट्टीचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोडला, पाहिला, आणि नुसती मान हलवली. सुगंधाबाई मागे वळल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या. त्यांना त्या दिवसाबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. पण बायकांना अशा गोष्टी कुठूनतरी कळतातच.

पुढची दिवाळी झाली आणि साहेबांनी खरोखरच आवराआवर केली. निघण्याच्या आधी त्यांनी घरी मलिदा केला. भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि नारळ, वर फळं मांडायची आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन प्रार्थना करायची, असा त्यांच्यातला विधी असतो. प्रार्थनेला पुरेशी माणसं जमवायला मुंबईहून नातेवाईक बोलवावे लागले, इतकी आळी ओस पडली होती. आम्ही खात्यातले सगळे गेलो होतो. सुगंधाबाईंनी घरच्या तांदळाचे पोहे आणले होते, मोठी पिशवी भरून. त्या म्हणाल्या, "साहेब, ह्ये आताला नाय. ह्ये तिकडं न्या. तिकडं पोहे भेटतात का नाय कोन जाने. वैनींना सांगा, नातवाच्या नावानं करा."

साहेबांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. त्यांचं सामान आधीच वजनाबाहेर गेलेलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एक बॅग उघडली, त्यातली जाडजूड पुस्तकं काढून माझ्या हातात दिली आणि त्या जागी पोहे ठेवले. मग म्हणाले, "खातं तुमच्याकडे आलंय. ऑफिसात कमी बसा. आणि कुणी प्रश्न विचारला तर आधी स्टूल घ्या, मग उत्तर द्या."

त्यानंतर मी त्या कारखान्यात पुष्कळ वर्षं काढली. सुगंधाबाईंची मुलगी नर्स झाली. मालकांनी पुढे दुसरं रोलर घेतलं, तेव्हा त्यावर कुणाला ठेवायचं हे विचारायला ते माझ्याकडे न येता सरळ सुगंधाबाईंकडे गेले. पण साहेबांची आठवण झाली की मला त्यांच्या जाण्यानंतरच्या हिवाळ्यातला एक दिवस आठवतो. ऑफिसात फोन आला, परदेशातून आहे म्हणून शिपाई धावत मला बोलवायला आला. साहेबच होते. नेहमीसारखे ओरडून बोलत होते. थंडी खूप आहे म्हणाले, पाऊसही थंडीतच पडतो, पण मग सहा महिने एक थेंब नाही म्हणतात, इथे कारखाना काढायला हवा होता. मग एकेका बाईची चौकशी केली. इंदूचीसुद्धा. मग म्हणाले, "सुगंधाबाईंना बोलवा."

सुगंधाबाईंनी त्याआधी कधी फोन हातात धरला नव्हता. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. साहेबांचं बोलणं आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होतं. पोह्यांचा मलिदा झाला, असं ते सांगत होते, आळीतल्यासारखाच झाला, शेजाऱ्यांनीही खाल्ला. सुगंधाबाई फोनकडे पाहून मान डोलवत होत्या. मी म्हटलं, "बोला, मान हलवलेली दिसत नाही त्यांना." तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, पट्टी बरी येते. आमी सगली बरी हाय. तुमी वेलेवर जेवा." एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि लगबगीनं खात्याकडे गेल्या, यंत्र चालू होतं.

मी फोन कानाला लावला. पलीकडे एक लहान मूल रडत होतं, अगदी फोनच्या जवळ, बहुधा साहेबांच्या मांडीवरच. मी म्हटलं, "सर?" त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते त्या मुलाला समजावत होते, मराठीत, आणि त्यांच्या मानानं फारच हळू आवाजात.

"थांब रे बाळा. जरा पनवेलशी बोलतोय."